सिझेरियनची भूल : सुईची धास्ती नको, चौकशी हवी

अंबरनाथ, प्रतिनिधी

बाळंतपणाची तारीख जवळ आली, की डॉक्टर कोण, रुग्णालय कोणते आणि खर्च किती, याची चर्चा घरोघरी सुरू होते. अंबरनाथ पश्चिमेतील बुवापाड्याची दाट वस्ती असो वा बदलापुरातील नवी गृहसंकुले, ही चर्चा सर्वत्र सारखीच असते. एक प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारत नाही. सिझेरियन करावे लागले, तर भूल कोण देणार आणि कोणत्या प्रकारची देणार? त्याऐवजी ‘सूनबाई, कमरेत सुई घेऊ नकोस, जन्मभर पाठ धरेल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला तेवढा कानावर पडतो आणि गर्भवती तो मनात घेऊनच शस्त्रक्रियागृहात जाते.

हा विषय आता मोजक्या कुटुंबांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ मधील चौथ्या फेरीत देशातील १७.२ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद होती. २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात याच काळात ते २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे राज्यातील सुमारे दर चौथे बाळ शस्त्रक्रियेने जन्माला येते. देशपातळीवर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत तब्बल ४७.४ टक्के आढळले. यातील किती शस्त्रक्रिया टाळता आल्या असत्या, हा वादाचा स्वतंत्र विषय आहे. परंतु शस्त्रक्रिया आवश्यक ठरल्यावर आई आणि बाळ या दोघांची सुरक्षितता ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत भुलीचे स्थान फार वरचे आहे.

सिझेरियनसाठी भुलीचे प्रामुख्याने तीन प्रकार वापरले जातात : पाठीच्या कण्यात एकदाच इंजेक्शन देऊन दिली जाणारी ‘स्पायनल’, बारीक नळीवाटे दिली जाणारी ‘एपिड्युरल’ आणि रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करणारी ‘जनरल’ म्हणजेच संपूर्ण भूल.

सर्वाधिक वापर स्पायनलचा

जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर या शल्यविशारदाने १८९८ मध्ये कण्यातील भुलीचा पहिला यशस्वी प्रयोग केला. त्या वेळी कोकेन हे औषध वापरले गेले. या प्रयोगानंतर बिअर यांना स्वतःलाच काही दिवस तीव्र डोकेदुखी सोसावी लागली. आज औषधेही बदलली आहेत आणि सुयाही. तत्त्व मात्र तेच आहे.

या पद्धतीत गर्भवतीला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठीला बाक द्यायला सांगतात. कमरेच्या मणक्यांमधील फटीतून अतिशय बारीक सुई आत नेऊन, मज्जारज्जूभोवती असलेल्या द्रवात बुपिव्हाकेनसारखे औषध सोडले जाते. त्याची मात्रा जेमतेम दोन मिलिलिटरच्या आसपास असते. पाच ते दहा मिनिटांत छातीच्या खालपासून पायांपर्यंतचा भाग बधिर होतो आणि परिणाम साधारण दीड ते दोन तास टिकतो. आई पूर्ण शुद्धीवर असते, बाळाचे पहिले रडणे ऐकते आणि शस्त्रक्रिया सुरू असतानाच बाळाला पाहू शकते.

सुईमुळे मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे जातील, ही भीती मोठी आहे. प्रौढ व्यक्तीत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्याही खाली, सर्वसाधारणपणे तिसऱ्या व चौथ्या मणक्याच्या मध्ये टोचली जाते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्सने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत प्रसूतीसाठी दिलेल्या अशा भुलीमुळे कायमची इजा होण्याचे प्रमाण लाखात सुमारे एक किंवा त्याहूनही कमी आढळले.

या भुलीचा खरा आणि नेहमी आढळणारा दुष्परिणाम वेगळाच आहे, तो म्हणजे रक्तदाब एकदम उतरणे. खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैल पडतात, आईला मळमळते, घेरी येते. त्यातच उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. म्हणूनच टेबल किंचित डावीकडे कलते ठेवले जाते, शिरेतून सलाइन दिले जाते आणि रक्तदाब सावरणारी औषधे हाताशी तयार ठेवली जातात. पहिली काही मिनिटे दर मिनिटाला रक्तदाब पाहणारा भूलतज्ज्ञ त्या वेळी आईइतकीच बाळाचीही काळजी घेत असतो, कारण बाळाला होणारा रक्तपुरवठा आईच्या रक्तदाबावरच अवलंबून असतो.

एपिड्युरल : नळीतून टप्प्याटप्प्याने

एपिड्युरलमध्ये औषध द्रवात न सोडता त्याच्या बाहेरच्या आवरणाजवळ सोडतात आणि तेथे केसासारखी बारीक नळी ठेवतात. परिणाम दिसण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात, औषधही अधिक लागते. परंतु नळी जागेवर असल्याने आवश्यकतेनुसार मात्रा वाढवता येते. कळा सुसह्य करण्यासाठी जिने आधीच एपिड्युरल घेतलेले आहे, तिच्यावर ऐनवेळी सिझेरियनची पाळी आली, तर त्याच नळीतून वाढीव औषध देऊन शस्त्रक्रिया करता येते. काही हृदयविकारांत रक्तदाब झपाट्याने उतरणे धोक्याचे असते, तेथेही हळूहळू चढणारी ही भूल उपयोगी पडते. काही ठिकाणी स्पायनल आणि एपिड्युरल एकत्र दिले जाते. त्यातून भूल लवकर चढते आणि शस्त्रक्रिया लांबली तरी ती वाढवता येते.

संपूर्ण भूल : वेळ नसेल तेव्हा

बाळाची नाळ अचानक बाहेर आली, वार सुटून प्रचंड रक्तस्राव सुरू झाला, गर्भाशय फाटले किंवा बाळाच्या हृदयाचे ठोके धोक्याच्या पातळीपर्यंत घसरले, तर कण्यात सुई देऊन परिणामाची वाट पाहण्याइतका अवधी अनेकदा नसतो. रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असल्यास, प्लेटलेट फार कमी असल्यास किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असल्यास कण्यातील भूल देणे धोक्याचे ठरते. झटके येऊन बेशुद्ध झालेली गर्भवती किंवा स्पायनल देऊनही पुरेशी बधिरता न आलेली रुग्ण यांच्यासाठीही संपूर्ण भूल हाच मार्ग उरतो.

यात शिरेतून औषध देऊन अर्ध्या-एक मिनिटात रुग्णाला बेशुद्ध करतात आणि लगेच श्वासनलिकेत नळी घालून श्वासोच्छ्वास यंत्राद्वारे चालवतात. गती हे या पद्धतीचे बलस्थान, तर श्वासमार्ग हे तिचे दुबळे अंग. गर्भवतीच्या श्वासमार्गाला सूज असते, तिच्या शरीरातील प्राणवायूचा साठा लवकर संपतो आणि पोट भरलेले असल्यास अन्न वा आम्ल फुप्फुसात उतरण्याची भीती असते. प्रसूतीच्या वेळी नळी घालण्यात अपयश येण्याचे प्रमाण इतर शस्त्रक्रियांच्या तुलनेत बरेच अधिक, म्हणजे साधारण तीनशे-चारशेत एक इतके सांगितले जाते.

न्यूयॉर्कमधील डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४ हजार १६ प्रसूतींचा अभ्यास मांडला. त्यात ६६ मातांच्या फुप्फुसात पोटातील पदार्थ गेल्याचे आणि दोघी दगावल्याचे नोंदले होते. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याच्या आजच्या कडक नियमामागे हा इतिहास आहे. ‘बाळंतीण उपाशी कशी राहील’ म्हणून प्रेमाने लपवून भरवलेली शिऱ्याची वाटी तिच्या जिवावर बेतू शकते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवायला हवे.

संपूर्ण भूल म्हणजे मृत्यूचे निमंत्रण, असेही समजू नये. अमेरिकेतील नोंदींनुसार १९८५ ते १९९० या काळात सिझेरियनमध्ये संपूर्ण भुलीमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कण्यातील भुलीच्या १६.७ पट होते. १९९७ ते २००२ या काळात ते १.७ पटीवर आले. चांगली उपकरणे, प्राणवायूचे अखंड मोजमाप आणि प्रशिक्षण यांचे हे फळ. योग्य हाती आणि योग्य कारणासाठी दिली, तर ही भूल जीव वाचवते. तिचा आणखी एक दोष मात्र माहीत असावा. बाळाला गुंगी येऊ नये म्हणून सुरुवातीला औषधे मोजूनमापून दिली जातात. त्यामुळे क्वचित रुग्णाला शस्त्रक्रियेदरम्यान अर्धवट भान राहते. ब्रिटनमधील २०१४ च्या पाहणीत सिझेरियनच्या संपूर्ण भुलीत हे प्रमाण सुमारे ६७० मध्ये एक आढळले. असा अनुभव आल्यास तो ‘भास’ म्हणून दडपू नये, डॉक्टरांना सांगावा.

बाळावर काय परिणाम?

‘भुलीचे औषध बाळाला चढेल का’, हा प्रत्येक आईचा प्रश्न असतो. स्पायनलमध्ये औषधाची मात्रा इतकी अल्प असते, की बाळापर्यंत पोहोचणारा अंश नगण्य ठरतो. तेथे बाळाला धोका औषधाचा नव्हे, तर आईचा रक्तदाब बराच वेळ उतरलेला राहण्याचा असतो. संपूर्ण भुलीची औषधे वारेतून बाळाकडे जातात. त्यामुळे बाळ जन्मतः थोडे सुस्त असू शकते, पहिला श्वास घेण्यास त्याला मदत लागू शकते. म्हणूनच भूल दिल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा वेळ कमीत कमी ठेवला जातो आणि नवजात बाळाला सावरणारा डॉक्टर तेथे हजर असणे गरजेचे मानले जाते. बहुतेक बाळे काही मिनिटांतच तरतरीत होतात.

बाळाच्या या पहिल्या मिनिटांची मोजपट्टी एका भूलतज्ज्ञानेच दिली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये ही गुणपद्धती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बेरीज करतात. सात वा अधिक गुण समाधानकारक मानले जातात. रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर ‘अपगार’ या शब्दापुढे लिहिलेले दोन आकडे हेच असतात. पहिला आकडा कमी असला तरी दुसरा सुधारला असेल, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते.

स्तनपानाच्या बाबतीतही गैरसमज आहेत. भूल घेतली म्हणून चीक वाया घालवण्याचे कारण नाही. स्पायनल घेतलेली आई शस्त्रक्रियेनंतर तासाभरातच बाळाला छातीशी घेऊ शकते. संपूर्ण भूल घेतलेली आई नीट शुद्धीवर येऊन बाळाला धरू शकली, की पाजू शकते. पाचव्या सर्वेक्षणानुसार देशात जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. सिझेरियनच्या बाळाला बाटली किंवा मध-साखरेचे बोट लावण्याची घाई घरच्यांनी टाळली, तर यात नक्कीच फरक पडेल.

समज आणि गैरसमज

कमरेतील इंजेक्शनमुळे पाठ कायमची दुखते, हा सर्वांत पक्का समज. सुईच्या जागी काही दिवस ठणका लागतो, हे खरे. मात्र महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पाठदुखीचा संबंध अभ्यासांतून या सुईशी जोडला गेलेला नाही. गरोदरपणात वाढलेले वजन, सैल झालेले सांधे, वाकून बाळाला घेणे, चुकीच्या स्थितीत बसून पाजणे आणि व्यायामाचा अभाव ही त्याची नेहमीची कारणे आहेत. नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रियांचीही पाठ दुखतेच.

दुसरा समज चोवीस तास उशीविना उताणे पडून राहण्याचा. त्यामुळे डोकेदुखी टळते, असे अनेक घरांत आजही मानले जाते. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपल्याने होणारी डोकेदुखी अशा सक्तीच्या झोपेने टळत नाही, असे आढळले आहे. ती सुईच्या जाडीवर आणि टोकाच्या आकारावर अवलंबून असते. बारीक, पेन्सिलसारख्या टोकाच्या सुयांमुळे तिचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून खाली आले आहे. बसल्यावर वाढणारे आणि आडवे होताच कमी होणारे डोके दुखू लागले, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता रुग्णालयात सांगावे. त्यावर खात्रीचे उपचार आहेत. उलट, पायांत बळ आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर उठून चालणे हिताचे असते, कारण त्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो.

तिसरा समज सोसण्याचा. कण्यातील भुलीत स्पर्श, ओढ आणि दाब जाणवतो; वेदना मात्र जाणवता कामा नये. चीर देण्यापूर्वी बधिरता तपासली जाते. तरीही दुखत असेल तर आईने तसे तत्काळ आणि स्पष्ट बोलावे. ‘बाईच्या जातीला सोसावेच लागते’ हे वाक्य शस्त्रक्रियागृहात लागू होत नाही. भूल वाढवणे किंवा बदलणे हे भूलतज्ज्ञाचे कामच आहे.

शर्यत घड्याळाशी

बाळ वा आईच्या जिवाला तत्काळ धोका असताना निर्णयापासून तीस मिनिटांच्या आत बाळ बाहेर यावे, असा दंडक जगभर मानला जातो. हा दंडक पाळायचा, तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही जवळ हवेत. मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ पाळीने उपस्थित असतो. लहान प्रसूतिगृहांत मात्र तो बाहेरून बोलावला जातो आणि एकाच दिवशी अनेक ठिकाणी जात असतो. कल्याण-बदलापूर मार्गावरील सायंकाळची कोंडी किंवा पावसाळ्यात तुंबलेले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या अर्ध्या तासाची किंमत वेगळी सांगायला नको. मुदतपूर्व ठरलेल्या शस्त्रक्रियेत ही अडचण येत नाही. कसोटी लागते ती मध्यरात्रीच्या तातडीत.

ज्यांचे गरोदरपण जोखमीचे आहे, त्यांनी म्हणूनच ठिकाण आधी ठरवणे श्रेयस्कर. वाढलेला रक्तदाब, पूर्वीचे सिझेरियन, खाली सरकलेली वार, जुळी बाळे, हृदयविकार, तीव्र रक्तक्षय किंवा अतिस्थूलता असल्यास भूलतज्ज्ञ, रक्त आणि नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग उपलब्ध असलेले रुग्णालय निवडावे. रक्तक्षयाकडे तर विशेष लक्ष हवे. पाचव्या सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींत तो आढळला होता. मुळातच रक्त कमी असलेल्या आईला शस्त्रक्रियेतील नेहमीचा रक्तस्रावही झेपत नाही. गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन वाढवायला तीन-चार महिने मिळतात, ऐनवेळी तेवढे तास मिळत नाहीत.

अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही या परिसरातील सरकारी रुग्णालये. पुढे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि रुग्णालयात नेण्या-आणण्याची व्यवस्था मोफत आहे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. नाव नोंदवलेल्या रुग्णालयात सिझेरियन रात्रीही होते का आणि होत नसल्यास पुढे कोठे पाठवतात, ही माहिती आठव्या महिन्यातच घेऊन ठेवावी.

काय सांगावे, काय विचारावे

भुलीचा प्रकार हॉटेलातील पदार्थासारखा निवडण्याचा नसतो. आईची प्रकृती, बाळाची स्थिती आणि हाती असलेला वेळ पाहून तो ठरतो. मात्र ठरवणाऱ्याला पुरेशी माहिती देणे कुटुंबाच्या हाती असते. शक्य असल्यास आठव्या-नवव्या महिन्यात भूलतज्ज्ञाची एकदा भेट घ्यावी आणि पुढील गोष्टी न लपवता सांगाव्यात :

- पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भुलीचा काही त्रास झाला होता का. रक्ताच्या नात्यात कोणाला झाला होता का.
- दमा, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स यांपैकी काही आहे का.
- रक्त पातळ करणारी औषधे, इंजेक्शने किंवा ॲस्पिरिन सुरू आहे का. शेवटची मात्रा कधी घेतली.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. हलणारे वा कृत्रिम दात आहेत का.
- पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया, दुखापत वा बाक आहे का.
- शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी जेवण सहा ते आठ तास आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवण्याची पद्धत आहे. रुग्णालयाची सूचना तंतोतंत पाळावी.

विचारण्याच्या गोष्टीही मोजक्या आहेत. भूल कोण देणार? रात्री-अपरात्री त्यांना पोहोचण्यास किती वेळ लागतो? रक्ताची सोय कोठून होते? बाळासाठी डॉक्टर हजर असेल का? शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी काय दिले जाईल? हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे होते, असा संकोच नको. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते समजून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि ती सही गर्भवतीने स्वतः, वाचून करावी.

घरी परतल्यावर ताप, मान आखडणे, डोकेदुखी वाढत जाणे, पायांतील बधिरता किंवा अशक्तपणा परत येणे, लघवी अडणे, सुईच्या जागी सूज वा पू दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा गुंतागुंती विरळा आहेत. पण त्यांत उशीर परवडत नाही.

देशात २०१८-२० या कालावधीत एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाल्याचे नमुना नोंदणी पाहणीत दिसले. महाराष्ट्रात ही संख्या ३३ होती. देशाच्या तुलनेत राज्याची कामगिरी चांगली आहे, यात शंका नाही. तरीही या ३३ मातांमागे तेवढीच घरे आहेत. ही संख्या आणखी खाली आणण्यासाठी नवी यंत्रे आणि अधिक भूलतज्ज्ञ लागतील. त्याला वेळ लागेल. आठव्या महिन्यात विचारलेल्या चार प्रश्नांना मात्र काहीच खर्च येत नाही.